खाताना पाखरू कॅमेऱ्यात टिपायचंय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाखरामागे धावणं. लेन्स लाखाची, पण बूड दहा मिनिटं टेकवायची तयारी नाही. पाखरू कुठे जाईल ते सांगता येत नाही, पण त्याचं खाणं जागचं हलत नाही. म्हणून आधी खाणं हेरा. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात पाल-यावलच्या बाजूला पळस फुललेला असतो. जांभळा शिंजीर, म्हणजे फुलातला मध पिणारं चिमुकलं पाखरू, त्याच त्या फांद्यांवर पुन्हा पुन्हा येतो. मी ऊन पाठीशी घेऊन एका फांदीवर फोकस लावतो आणि गप बसतो. नराचा जांभळा-निळा रंग उजेडाच्या कोनावर असतो. ऊन समोरून आलं, की हाती नुसता काळा ठिपका.

दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, पिकली की तीच गत. एक नवशिके साहेब कॅमेरा घेऊन थेट उभ्या पिकात घुसले. सुगरणींचा थवा उठला की हे त्याच्या मागे, थवा बसला की पुन्हा मागे. कणसं मोडली ती वेगळीच. माळ्यावरचा शेतकरी बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "आते माले गोफन नको भाऊ, तुम्हीच उभा ऱ्हा!" साहेबांना ते कौतुक वाटलं. अरे बाबा, मालकाला विचारा, उजाडायच्या आत बांधावर बसा आणि हलू नका. बांधावरच्या गवताचं बी खायला मुनिया येतात, त्या वेगळ्या शोधाव्या लागत नाहीत.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे झळा. जळगावच्या एका पोराचे चंडोलाचे सगळे फोटो मऊ येत होते. नांगरलेल्या काळ्या रानात दाणे टिपणारा चंडोल, पण एकाही पिसाला धार नाही. पोराने लेन्स दुरुस्तीला पाठवली. ती तपासणीचं बिल घेऊन परत आली, दोष काहीच नाही. मग माझ्याकडे येऊन कंपनीच्या नावाने बोटं मोडू लागला. मी फोटोंच्या वेळा बघितल्या: एप्रिल महिना, सकाळी अकराच्या पुढे. तापलेल्या काळ्या मातीवरची हवा डोळ्यांदेखत थरथरते, तिच्यातून कुठली लेन्स नीट बघणार? उन्हाळ्यात मी नऊला कॅमेरा पिशवीत घालतो. ट्रायपॉड, महागडी लेन्स, संगणकातली घासपूस, काही उपयोग नाही. जवळ जा, नाहीतर घरी जा. आणि हिवाळ्यात गाडीत हीटर लावून खिडकीतून लेन्स बाहेर काढू नका, तिथेही गरम हवेचा हाच खेळ होतो.

शटरचा वेग १/१६०० सेकंदापेक्षा कमी नको, फुलापाशी फडफडणारा शिंजीर हवा असेल तर १/३२०० ठेवा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढला तर वाढू द्या, दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. फोकस डोळ्यावर, चोचीतल्या अळीवर नाही.

मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून नराला बोलवू नका. तो खाणं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो आणि तुम्हाला फोटोही भांडणाचाच मिळतो. आडवी येणारी फांदी तोडू नका, स्वतः दोन पावलं सरका.

आणि घरट्याजवळ जाऊन पिल्लांना भरवतानाचे फोटो काढले असतील, तर मला पाठवू नका. मी ते उघडतही नाही.