घर दोन अंश जास्त गरम ठेवलं की बिल इतकं का चढतं? या चुका टाळा

हिवाळ्यात हीटर लावणाऱ्या बहुतेकांना वाटतं की खर्च होतो तो घर तापवायला. एकदा खोली तापली की मग ती २० अंशांवर ठेवा नाहीतर २४ वर, फारसा फरक पडत नाही. बिल फुगवणाऱ्या बऱ्याचशा चुका या एका समजातून निघतात, म्हणून आधी तोच तपासून घेऊ.

घरातली उष्णता भिंतींमधून, काचांमधून, छतातून आणि फटींमधून सतत बाहेर जात असते. खोली हव्या त्या तापमानाला पोचली की हीटरचं काम एवढंच उरतं: जितकी उष्णता गेली तितकी भरून काढायची. ती किती जाते हे ठरतं आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर. फरक दुप्पट झाला की गळतीही साधारण दुप्पट होते. न्यूटनने १७०१ साली मांडलेला थंड होण्याचा नियम हाच. गळक्या टाकीत पाणी जितकं वर ठेवाल तितकी धार जोरात लागते, आणि ती पातळी टिकवायची तर नळही तितकाच मोठा सोडावा लागतो. घराचं अगदी तसंच आहे. म्हणजे बिल येतं ते घर गरम केल्याचं कमी आणि गरम ठेवल्याचं जास्त, दर तासाला, रात्रभर.

हिशोब शून्यापासून करणं

२० अंशांवरून २२ वर गेलो म्हणजे खर्च १० टक्के वाढेल, असं पटकन वाटतं. इथेच हिशोब चुकतो. मोजायचं ते बाहेरच्या तापमानापासून. बाहेर १० अंश असतील तर आधी फरक होता १०, आता झाला १२. गळती २० टक्क्यांनी वाढली.

आणि हीटरचा खर्च त्याहूनही जास्त टक्क्यांनी वाढतो. घरात काही उष्णता फुकट मिळत असते. शांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता देतो. फ्रिज, दिवे, स्वयंपाक, खिडकीतून येणारं ऊन ही भर वेगळीच. समजा या सगळ्यामुळे घर हीटरशिवायच बाहेरपेक्षा ३ अंश वर राहतं. मग २० अंशांसाठी हीटरला ७ अंश भरायचे होते, २२ साठी ९ भरावे लागतात. दोन अंशांपायी जवळजवळ २९ टक्के जास्त. फुकटची ऊब खालचे अंश भरते, वरचा प्रत्येक अंश मात्र पूर्णपणे विकतचा असतो.

कडाक्याच्या थंडीत, बाहेर उणे ५ असताना, फुकटचे ३ अंश वगळून हीच दोन अंशांची वाढ ९ टक्क्यांची दिसते. टक्के कमी दिसले तरी वाढलेली उष्णता तेवढीच असते, म्हणून टक्क्यांपेक्षा युनिटं पाहिलेली बरी. एक खोली घेऊ: ४ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच. एकच भिंत बाहेरच्या बाजूची, विटांची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली, २३ सेंटीमीटर जाड. तिच्यात २ चौरस मीटरची एकेरी काचेची खिडकी. आत-बाहेर १५ अंशांचा फरक असेल तर अशा भिंतीतून साधारण ३०० वॅट जातात, काचेतून १७०, आणि फटींमुळे तासाला एकदा खोलीतली हवा पूर्ण बदलत असेल तर त्यात आणखी २४०. एकूण ७१० वॅट, म्हणजे दर अंशामागे ४७. खोली दोन अंश जास्त गरम ठेवली तर १० तासांत साधं हीटर जवळजवळ एक युनिट जास्त खातं. एका खोलीत, एका रात्रीत. वर उघडं छत असेल तर आकडा याहून बराच मोठा होतो.

या आकड्यांत खिडकीकडे नीट पाहा. ती भिंतीच्या पाचव्या हिश्श्याएवढी आहे, पण भिंतीच्या निम्म्याहून जास्त उष्णता एकटी घालवते. दुहेरी काच बसवली तर तिची गळती साधारण निम्म्यावर येते. तेवढा खर्च झेपणार नसेल तर जाड पडदा लावा, तो खिडकीच्या चौकटीला चिकटून राहू द्या, आणि ऊन यायला लागलं की उघडा. पडद्याच्या खाली हीटर असेल तर मात्र आधी हीटर हलवा. आगीचा धोका तर आहेच, शिवाय गरम हवा पडद्यामागे जाऊन काचच तापवत बसते.

लवकर तापावं म्हणून थर्मोस्टॅट २८ वर नेणं

साध्या हीटरला कमी-जास्त वेग नसतो. २००० वॅटचं हीटर २० वर लावा किंवा २८ वर, ते चालू असताना २००० वॅटच देतं. थर्मोस्टॅट फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. २८ वर लावल्याने खोली २० ला लवकर पोचत नाही. ती २० ओलांडून पुढे जाते, कुणाच्या लक्षात येत नाही, मग उकडायला लागतं आणि खिडकी उघडली जाते. पाहिजे तेच तापमान लावा आणि थोडा धीर धरा.

“बंद केलं तर परत तापवायला जास्त लागतं”

ही समजूत फार चिवट आहे, आणि साध्या हीटरच्या बाबतीत ती चुकीची आहे. हीटर बंद केल्यावर खोली थंड होत जाते, बाहेरच्याशी फरक कमी होत जातो, म्हणजे गळतीही कमी कमी होत जाते. सकाळी हीटरला सलग जास्त वेळ चालावं लागतं हे खरं, आणि नेमकं तेच डोळ्यांत भरतं. पण खोलीतून जेवढी साठलेली उष्णता गेली तेवढीच परत भरायची असते, आणि ती गेली त्या तासांत हीटर बंदच होतं. वर गळती कमी झाली तो निव्वळ फायदा. म्हणून झोपताना पांघरूण जाड घ्या आणि तापमान खाली आणा, बाहेर जाताना तर आणाच.

हीट पंप (बाहेरची उष्णता उचलून आत आणणारं यंत्र) किंवा गरम हवा देणारा इन्व्हर्टर एसी असेल तर थोडं वेगळं आहे. त्याला सावकाश, सतत चालणं मानवतं. काही यंत्रणांमध्ये तापमान एकदम खूप वाढवायला सांगितलं की मदतीला साधं विजेचं हीटर चालू होतं आणि वाचवलेलं सगळं तिथे जातं. अशा वेळी रात्री दोन-तीन अंशच खाली आणावेत.

हीटर बदलून बिल कमी होईल असं मानणं

ऑइल हीटर, फॅन हीटर, तारेचं लाल होणारं हीटर: वीज जाळून उष्णता देणारं कुठलंही यंत्र एका युनिटमागे एका युनिटाएवढीच उष्णता देतं. ऑइल हीटर बंद केल्यावरही काही वेळ कोमट राहतं. पण ती ऊब आधी पैसे मोजून भरलेलीच असते. फरक आहे तो आवाजाचा, हवेचा आणि सोयीचा. लाल तारेच्या हीटरसमोर बसलेल्या माणसाला थेट झळ मिळते, त्यामुळे खोली फार तापवावी लागत नाही. तेवढा फायदा खरा.

हीट पंपाची गोष्ट निराळी. तो बाहेरची उष्णता उचलून आत आणतो, त्यामुळे सौम्य थंडीत एका युनिटात तीन युनिटांएवढी उष्णता मिळू शकते. पण आत जितकं जास्त गरम हवं आणि बाहेर जितकं जास्त गार, तितकं हे गुणोत्तर उतरतं. थर्मोस्टॅट वर नेला की गळती वाढते आणि यंत्राची कार्यक्षमताही घसरते, असा दुहेरी फटका बसतो.

गारठा वाटला की आधी आकडा वाढवणं

थर्मोमीटर २१ दाखवतो आणि तरी पाठीत गार वाजतं, हा अनुभव खोटा नाही. अंगाची उष्णता हवेला जाते तशीच समोरच्या गार भिंतीकडे आणि काचेकडेही जाते. शिवाय पायाशी वाऱ्याची झुळूक लागत असेल तर २३ अंशही कमी पडतात. अशा वेळी आकडा वाढवणं म्हणजे मूळ कारण तसंच ठेवून त्यावर पैसे ओतणं.

आधी झुळूक शोधा. वाऱ्याच्या दिवशी पंखे बंद करा, उदबत्ती पेटवा आणि तिचा धूर हळूहळू फिरवा: दाराच्या खालून, सरकत्या खिडकीच्या दोन पल्ल्यांच्या मधून, एसीचा पाइप जिथून भिंतीत शिरतो तिथून, एक्झॉस्टच्या भोकाजवळून. सरळ वर जाणारा धूर जिथे आडवा होतो किंवा थरथरतो तिथे फट आहे. दाराखाली पट्टी, पल्ल्यांना ब्रशची किंवा फोमची पट्टी, पाइपभोवती सिलिकॉन. या कामाइतकी लवकर वसूल होणारी दुसरी डागडुजी मला माहीत नाही. गरम हवा हलकी असल्याने वरच्या फटींतून निघून जाते आणि खालून गार हवा ओढते. घर जितकं गरम तितकी ही ओढ वाढते, त्यामुळे फटींतली गळती तापमानापेक्षाही वेगाने चढते.

मग खुर्ची किंवा पलंग खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर घ्या, फरशीवर काहीतरी जाड अंथरा, पायांत मोजे घाला. विजेचं ब्लँकेट साधारण १०० वॅटवर माणसाला ऊब देतं, खोलीचं हीटर १५०० ते २००० वॅटवर. एकट्यानेच बसायचं असेल तर हा हिशोब जरूर करावा.

तापवलेल्या खोलीत कपडे वाळवणं

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट उष्णता लागते, आणि ती खोलीतूनच जाते. कपड्यांत दोन लिटर पाणी असेल तर जवळजवळ दीड युनिट गेलं. वर ती वाफ सकाळी काचेवर ओघळते, कोपऱ्यात काळी बुरशी धरते. शक्य असेल तर कपडे उन्हात, नाहीतर न तापवलेल्या हवेशीर जागी घाला.

हीटर थांबतच नसेल तर

घड्याळ घेऊन अर्धा तास बसा. थर्मोस्टॅट हीटर बंद करताना “टक्” असा आवाज येतो, परत चालू करताना पुन्हा येतो. २००० वॅटचं हीटर अर्ध्या तासात १० मिनिटंच चाललं तर सरासरी खर्च ६७० वॅटच्या आसपास आहे. ते एकदाही थांबलं नाही, तर लावलेलं तापमान गाठण्याइतकी त्याची ताकद नाही किंवा गळती फार आहे. तापमान दोन अंशांनी उतरवून पुन्हा मोजा.

थर्मोस्टॅट कुठे आहे तेही बघा. गार भिंतीवर किंवा दाराच्या झुळुकीत असेल तर तो खोली आहे त्याहून थंड समजतो आणि हीटर चालवत राहतो. हीटरच्या अंगातच बसवलेला असेल तर तो आजूबाजूची गरम हवा मोजून लवकर थांबतो, आणि आपण बटण फिरवत वर जातो. एक वेगळा थर्मोमीटर घ्या, बसल्यावर डोकं येतं त्या उंचीवर, ऊन आणि हीटर दोन्हींपासून लांब ठेवा आणि त्याच्यावर विश्वास ठेवा. एसीचा फिल्टर धुळीने बंद झाला असेल तर तो धुवा. हीटरसमोर सोफा असेल तर सरकवा.

दोन महिन्यांची बिलं शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. बाहेर किती थंडी होती हे त्यात दिसत नाही. त्यापेक्षा बाहेरचं तापमान सारखं असलेल्या दोन रात्री निवडा, एकदा २२ वर आणि एकदा २० वर ठेवा, आणि झोपताना व उठल्यावर मीटरचा आकडा लिहून घ्या.

जिथे काटकसर करू नये

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड आणि समशीतोष्ण हवामानातल्या घरांसाठी आतलं किमान सुरक्षित तापमान १८ अंश सांगितलं. घरात तान्हं बाळ, म्हातारी माणसं किंवा दम्याचं, हृदयाचं दुखणं असलेलं कुणी असेल तर त्यांची खोली याहून गरम लागू शकते. तिथे बिलाकडे पाहू नका, वाटल्यास बाकीच्या खोल्या बंद ठेवा.

आणि ज्या खोलीत कोळसा, लाकूड, रॉकेल किंवा गॅस जळतो तिथल्या फटी कधीही बुजवू नका. जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होण्याची संधी देत नाही. अशा खोलीत हवा खेळती ठेवा, आणि झोपण्याआधी आग विझवून शेगडी बाहेर ठेवा.