विंडोज ९८ चा पीसी आणि नवा पीसी, कीबोर्ड-माऊस-मॉनिटर मात्र एकच

बाबांचा पेंटियम थ्री मी भंगारात देणार नाहीये, कारण त्यांच्या डीटीपीच्या पेजमेकर फाइल्स युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधल्या आहेत आणि त्या नीट उघडतात त्याच मशीनवर. पण टेबल एकच, मग दोन-दोन कीबोर्ड, मॉनिटर ठेवणार कुठे? म्हणून असं जोडलंय.

पहिली गोष्ट म्हणजे व्हिडिओ केव्हीएम स्विचमधून (एकच कीबोर्ड, मॉनिटर, माऊस दोन पीसींत वाटून देणारा डबा) नेऊच नका. स्वस्तातले व्हीजीए केव्हीएम बऱ्याचदा मॉनिटरची माहिती (ईडीआयडी) पीसीपर्यंत पोचू देत नाहीत, मग नवा पीसी १०२४ बाय ७६८ वरच अडकून बसतो, वर अक्षरंही धूसर. त्यापेक्षा व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असलेला मॉनिटर बघा, जुना पीसी व्हीजीएला, नवा एचडीएमआयला, आणि बदलायचं असेल तेव्हा मॉनिटरचंच बटण दाबा. सेकंडहँड घेत असाल तर डॉसची स्क्रीन लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, ती ७२० बाय ४०० ला ७० हर्ट्झवर येते आणि काही मॉनिटर तिला सरळ 'आउट ऑफ रेंज' दाखवतात. वाइड स्क्रीनवर मेनूत जाऊन ४:३ करा, नाहीतर सगळं फताडं दिसतं.

आता कीबोर्ड-माऊस. इथे मात्र केव्हीएम हवाच, आणि तो पीएस/२ वाला, म्हणजे यूएसबीच्या आधीच्या छोट्या गोल पिनांचा. जुन्या पीसीला सुरू होताना कीबोर्ड दिसला नाही तर तो 'कीबोर्ड एरर' देऊन थांबतो, चांगला केव्हीएम दुसऱ्या पीसीवर असतानाही इकडे कीबोर्ड लावलेलाच आहे असं भासवत राहतो. जुन्या पीसीला जांभळी पिन कीबोर्डची, हिरवी माऊसची, सरळ लावा. नव्या पीसीला पीएस/२ टू यूएसबी कन्व्हर्टर लागेल, दोन पीएस/२ सॉकेट आणि एक यूएसबी पिन असलेला, आणि तो आत चिप असलेला ॲक्टिव्हच पाहिजे. माऊसबरोबर मिळायचा तो छोटा हिरवा अडॅप्टर इथे कामाचा नाही, तो नुसत्या तारा जोडतो आणि तेही यूएसबी माऊसला पीएस/२ पोर्टात लावण्यासाठी, माऊसलाच पीएस/२ येत असेल तरच चालतो.

४८६ वगैरे, म्हणजे पेंटियमच्याही आधीचा पीसी असेल तर कीबोर्डचा पोर्ट मोठा गोल, पाच पिनांचा असतो, त्याला साधा अडॅप्टर पुरतो कारण आतली भाषा तीच आहे. त्याहून जुन्या एक्सटी पीसीचा पोर्टही तसाच दिसतो पण त्याची भाषा वेगळी, तिथे हा उपाय चालत नाही.

पीएस/२ च्या पिना पीसी चालू असताना काढू-घालू नका, प्लीज. यूएसबीची सवय झालेला हात आपोआप तिकडे जातो, पण हे पोर्ट त्यासाठी बनवलेलेच नाहीत, बोर्डावरचा फ्यूज उडू शकतो आणि त्या वयाचा बोर्ड परत मिळवायचा म्हणजे फार शोधाशोध.

स्विच केल्यावर विंडोज ९८ मध्ये कर्सर वेड्यासारखा उड्या मारायला लागला तर माऊस बिघडलेला नसतो. व्हीलवाला माऊस एका वेळी ४ बाइट पाठवतो, साधा ३, आणि स्विचिंगमध्ये दोघांची मोजणी चुकते. तेव्हा कीबोर्डनेच डिव्हाइस मॅनेजर उघडा, ड्रायव्हर 'स्टँडर्ड पीएस/२ पोर्ट माऊस' करा आणि रीस्टार्ट करा. व्हील जाईल, पण पेजमेकरमध्ये मला त्याची गरज पडलेली नाही.