मुलांना कॉम्प्युटर शिकवताय? मग या चुका टाळा

सगळ्यात आधी, त्या डब्याला सीपीयू म्हणणं बंद करा. दुकानदार म्हणतो, शाळेतले सर म्हणतात, मग पोरंही तेच म्हणतात आणि बारावीपर्यंत त्यांच्या डोक्यात सीपीयू म्हणजे टेबलाखालचा काळा डबा. तो कॅबिनेट. सीपीयू, म्हणजे सगळी आकडेमोड करणारा प्रोसेसर, आत मदरबोर्डवर (सगळे भाग जोडलेली मोठी पाटी) पंख्याखाली बसलेला असतो, जेमतेम चार सेंटीमीटरचा चौकोन, वर पांढरी पेस्ट लावलेली, आणि खरी चिप त्या चौकोनाच्याही आत, अजून लहान. हे फळ्यावर आकृती काढून कळत नाही. एक बंद पडलेलं मशीन मिळवा, डेडस्टॉक रजिस्टरची (शाळेच्या सामानाची नोंदवही) अडचण असेल तर भंगारवाल्याकडून आणा, आणि मुलांच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्या. फक्त प्लग काढलेला हवा, आणि पॉवर सप्लायचा डबा आणि जुना जाडा मॉनिटर कधीच उघडायचा नाही, बंद असला तरी त्यात करंट साठलेला असतो.

आता माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक. काहीही झालं की फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं. मशीन हँग झालं, फॉरमॅट. स्लो झालं, फॉरमॅट. शिकवणाराच असं करतो म्हटल्यावर मुलं दुसरं काय शिकणार?

एका शाळेच्या लॅबमधली गोष्ट सांगतो. एक मशीन चालू केलं की थोड्या वेळाने आपोआप बंद पडायचं. लॅब बघणाऱ्याने कोणाला न विचारता फॉरमॅट मारलं. त्या मशीनच्या डेस्कटॉपवर नववीतल्या एका मुलीचा प्रोजेक्ट होता, पूर्ण सत्राचं काम, दुसरीकडे कुठे कॉपी नाही, सगळं गेलं. आणि नवीन विंडोज टाकल्यावर मशीन पुन्हा तसंच बंद. मग मला बोलावलं. मी विंडोजमध्ये गेलोच नाही, मशीन चालू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डवरचाच प्रोग्रॅम) शिरलो आणि तिथेच थांबलो. बायोसच्या स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान दिसतं, मुलांना वही घेऊन समोर बसवलं आणि दर मिनिटाला आकडा लिहायला सांगितला. ५८, ६६, ७५, असा चढतच गेला, नव्वदीच्या पुढे गेला आणि मशीन बंद. विंडोज अजून सुरूही झालेलं नव्हतं, म्हणजे दोष विंडोजचा असूच शकत नाही, हे मुलांनी स्वतःच सांगितलं. कॅबिनेटची बाजू उघडली तर पंख्याखालच्या हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) धुळीची गादी बसलेली, हवा जायला जागाच नाही. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच मशीन बंद करतो. ब्रश, ब्लोअर, नवी पेस्ट, झालं काम. त्या मुलीचं काम मात्र परत आलं नाही आणि त्याचा मला अजून राग येतो.

म्हणून माझी सवय सांगतो. आधी वायर आणि प्लग, मग आतलं हार्डवेअर, मग बायोस, मग ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम), मग विंडोज, आणि सगळ्यात शेवटी आपला प्रोग्रॅम. कुठल्या पायरीपर्यंत मशीन नीट पोचतंय ते बघायचं. ही एक सवय लागली की कॉम्प्युटर कसा चालतो याचा अर्धा धडा झाला. डिस्प्लेच येत नाही आणि बीप वाजतायत? रॅमची (चालू कामापुरती मेमरी) पट्टी काढा, सोनेरी पट्टी खोडरबराने हलक्या हाताने पुसा, परत घट्ट बसवा, बऱ्याचदा तेवढंच असतं.

कॉम्प्युटरच्या पिढ्या आणि व्हॅक्यूम ट्यूबपासून सुरुवात करू नका, मुलं पहिल्याच दिवशी झोपतात.

रॅम आणि स्टोरेज दोन्हीला मेमरी म्हणून सोडून देऊ नका. मुलांच्या घरातल्या मोबाइलवर ८ जीबी आणि १२८ जीबी असे दोन आकडे असतात, पहिला रॅमचा, दुसरा स्टोरेजचा, तिथूनच समजवा. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते ती चोरी नाही, कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

मराठी टायपिंग हा तर आयता धडा, पण कोणी वापरतच नाही. नोटपॅडमध्ये फक्त 'क' लिहा, यूटीएफ-८ (अक्षरांना आकडे देण्याची पद्धत) मध्ये सेव्ह करा, प्रॉपर्टीज उघडा, ३ बाइट. आता 'कि' करा, ६ बाइट. वेलांटी दिसते क च्या आधी, पण फाइलमध्ये ती क च्या नंतर ठेवलेली असते. (सुरुवातीलाच ६ दिसले तर नोटपॅड जुनं आहे, ते आपले ३ बाइट आधी घालतं.) फाइलमध्ये फक्त आकडे असतात आणि अक्षर काढायचं काम फॉन्टचं, हे इथे डोळ्यांनी दिसतं. इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांवर मराठी आकार बसवणाऱ्या जुन्या फॉन्टमधली मराठी फाइल दुसऱ्या मशीनवर इंग्रजी कचरा का दिसते, तेही मग आपोआप कळतं.

दुसरी मोठी चूक म्हणजे हे सगळं टाळून थेट कोडिंग. पालक विचारतात, सर महिन्याभरात ॲप बनवेल ना? नाही बनवणार, आणि जो बनवून देतो म्हणतो तो कॉपी-पेस्ट शिकवतोय. जर्नलमध्ये तीस प्रोग्रॅम उतरवलेला मुलगा व्हेरिएबल (प्रोग्रॅममधली आकडा ठेवायची नाव दिलेली जागा) कुठे राहतो ते सांगू शकत नाही. टर्बो सी (सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर) तर आता सोडाच, १९९० च्या आसपासचं ते, ६४ बिट विंडोजवर डॉसबॉक्ससारख्या, जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय चालतही नाही. मी ते एकाच कामाला ठेवलंय. त्यात इंट (पूर्णांक ठेवणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ३०००० ठेवून १०००० मिळवायला सांगतो. उत्तर येतं -२५५३६. वर्गात गोंधळ उडतो, आणि मला तोच हवा असतो. तिथे इंटला १६ बिट, म्हणजे -३२७६८ ते ३२७६७ एवढीच जागा, ४०००० मावत नाही, त्यातून ६५५३६ (१६ बिटांत बसणारे एकूण आकडे) वजा होतात. हे कागदावर करून घ्या, मग तेच जीसीसीवर, म्हणजे आजच्या सी कंपायलरवर, चालवा, ४०००० बरोबर येईल. मग विचारा, इथे कुठल्या आकड्याच्या पुढे गडबडेल? जी मुलं २१४७४८३६४७ पर्यंत (इथे इंटला ३२ बिट) स्वतः पोचतात त्यांना पायथन ही पुढची भाषा द्यायला माझी हरकत नाही. पायथन मोठे पूर्णांक सांभाळतं, पण ०.१ अधिक ०.२ विचारलं की शेवटी ४ चिकटवून देतं, ०.३०००००००००००००००४, कारण ०.१ बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, पूर्ण लिहिताच येत नाही.

आणि एरर आली की मुलं घाईने अख्खा प्रोग्रॅम पुसून परत टाइप करतात, ते करू देऊ नका. वीस एरर दिसल्या तरी फक्त पहिली वाचा, तिने सांगितलेली ओळ आणि तिच्या वरची ओळ बघा, ओळ संपवणारा सेमीकोलन (;) बहुतेक वरच्याच ओळीत राहिलेला असतो. तेवढंच दुरुस्त करून परत कंपाइल करा, उरलेल्या एकोणीसपैकी बऱ्याचशा गेलेल्या असतात.