जुना संगणक मंदावला असेल, तर आधी टास्क मॅनेजर पाहावा

संगणक मंद झाला की दुरुस्तीच्या दुकानात बहुधा एकच सल्ला मिळतो : ‘फॉरमॅट मारा.’ विंडोज नव्याने टाकल्यावर काही दिवस बरे जातात हे खरे. पण मूळ दोष हार्ड डिस्कमध्ये किंवा अपुऱ्या रॅममध्ये (चालू कामांसाठीच्या तात्पुरत्या स्मृतीत) असेल, तर तो तसाच राहतो. म्हणून काहीही पुसण्यापूर्वी किंवा विकत घेण्यापूर्वी नेमके काय कमी पडते आहे, ते तपासावे. येथे विंडोज १०, ४ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप गृहीत धरला आहे.

संगणक सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे तसाच राहू द्यावा, कारण आरंभी अपडेट, अँटिव्हायरस आणि सर्च इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची सूची करणे) एकाच वेळी चालू असल्याने तेव्हा दिसणारे आकडे फसवे असतात. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर (संगणकाचा कोणता भाग किती व्यग्र आहे ते दाखवणारा विंडोजमधलाच प्रोग्रॅम) उघडावा, ज्या प्रोग्रॅमविषयी तक्रार आहे तो सुरू करावा आणि तो अडतो त्या क्षणी सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम) व डिस्क यांपैकी कोणता रकाना १०० टक्क्यांजवळ जातो, हे पाहावे.

अशा लॅपटॉपवर बहुतेक वेळा डिस्क १०० टक्के दिसते, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी प्रत्यक्ष वेग सेकंदाला एखाद-दोन एमबीच असतो. फिरणाऱ्या डिस्कमध्ये वाचणारा हेड दर वेळी जागा बदलतो व त्याला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेल्या लहान फाइली सेकंदाला शंभरेकच वाचल्या जातात. मात्र हा आकडा एकटा वाचू नये. मेमरीही ८५-९० टक्क्यांवर असेल, तर रॅम अपुरी पडल्याने विंडोज तिच्यातील मजकूर डिस्कवर नेऊन ठेवत असते आणि डिस्क त्यामुळे व्यग्र दिसते. अशा वेळी आधी रॅमचा विचार करावा. ‘परफॉर्मन्स’मधील मेमरीच्या पानावर रॅम बसवण्याचे किती स्लॉट (खाचा) वापरात आहेत ते दिसते. डीडीआर३ आणि डीडीआर४ हे रॅमचे प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीपुढची रॅम वायाच जाते.

मेमरी मोकळी असूनही डिस्क १०० टक्के व्यग्र राहत असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने तिची प्रकृती पाहावी. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (डिस्कवरील नीट वाचता न आलेले, संशयित भाग) शून्याहून अधिक असल्यास डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग मांडणे) वगैरे उपचार करत बसू नये. आधी फोटो व कागदपत्रांचा बॅकअप घ्यावा. डिस्क धडधाकट असली तरी तिच्या जागी २.५ इंची साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली चिपवर आधारित डिस्क, बसवणे हा माझ्या मते या वयाच्या संगणकावरचा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे. एसएसडी बसवल्यावर ती डीफ्रॅग करू नये.

पैसे न खर्चता होणारी कामे थोडी आहेत. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागातील अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत, दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा आणि सी ड्राइव्हवर पुरेशी जागा मोकळी ठेवावी. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे व ‘वेग वाढवणारे’ प्रोग्रॅम टाकू नयेत. ते स्वतःच आणखी एक ओझे होतात.

सीपीयूच अडत असेल, तर ‘परफॉर्मन्स’मध्ये त्याचा चालू वेग आणि ‘बेस स्पीड’ (ठरलेला मूळ वेग) यांची तुलना करावी. काम चालू असताना वेग बेस स्पीडच्या बराच खाली राहत असल्यास पंख्यातली धूळ व वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) यांचा संशय घ्यावा. काही लॅपटॉप मूळचा नसलेला चार्जर ओळखत नाहीत आणि मुद्दाम हळू चालतात, तेही पडताळावे.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्याने अनेक जुनी यंत्रे त्यात बसत नाहीत. अशा यंत्रासाठी विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चांगली आहे. ती पेन ड्राइव्हवरून चालवून वाय-फाय, प्रिंटर आणि मराठी इनस्क्रिप्ट टंकलेखन तपासता येते. वेगाचा अंदाज मात्र त्यावरून बांधू नये, कारण पेन ड्राइव्ह मुळातच संथ असतो.