दुर्गाबाईंवर भाषण बसवायचंय? आधी ‘जी. दुर्गाबाई’ शोधा

वक्तृत्व स्पर्धांचे दिवस आले की आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळांमध्ये एक विषय हमखास लागतो: संसद गाजवणाऱ्या स्त्रिया. मी २७ वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी संध्याकाळी पोरी वह्या घेऊन घरी येतातच. वहीत बहुतेक एकच मजकूर असतो. जन्म अमुक साली, लग्न अमुक साली, पुरस्कार अमुक, निधन अमुक. बाई सभागृहात उभी राहून काय बोलली आणि तिच्या बोलण्यानं काय बदललं, ते कुठेच नसतं. खरं भाषण तर तिथंच आहे. गेल्या वर्षी आठवीतल्या एका पोरीकडून, देशाचं संविधान घडवणाऱ्या संविधान सभेच्या सदस्य दुर्गाबाई देशमुखांवर भाषण करून घेतलं, ते कसं केलं ते सांगते.

व्यक्ती निवडताना आपल्या घराशी कुठं तरी धागा जुळतो का बघा. या पोरीच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी. पूर्व भागात असं घरोघरी आहे. दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या, जन्म १५ जुलै १९०९. लग्न झालं ते चिंतामणराव देशमुखांशी, म्हणजे सासर मराठी. हे सांगितल्यावर पोरगी सरसावून बसली.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. संविधान सभेतल्या चर्चांचे १२ खंड आहेत. ते संसदेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आम्ही त्यात ‘दुर्गाबाई देशमुख’ शोधत बसलो आणि हाती काही लागेना. पोरीनं विचारलं, “बाई, त्या बोलल्याच नाहीत का?” मग तारखा शेजारी-शेजारी लिहिल्या. संविधान सभा भरली ९ डिसेंबर १९४६ ला, संविधान स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला. चिंतामणरावांशी लग्न झालं १९५३ मध्ये. म्हणजे सभेत त्या देशमुख नव्हत्याच! कामकाजात त्यांची नोंद ‘श्रीमती जी. दुर्गाबाई’ अशी आहे, मद्रास प्रांतातून आलेल्या सदस्य म्हणून. त्या नावानं बघितलं तेव्हा पानंच्या पानं निघाली. कुठल्याही स्त्री सदस्याचं काम शोधताना हे आधी करा. त्या वर्षी तिचं कागदावरचं नाव काय होतं ते ठरवा, मग शोधा. लग्नानंतर नाव बदललं आणि बाईचं अर्धं काम नजरेआड गेलं, असं फार ठिकाणी होतं. मला त्याचं वाईट वाटतं.

पानं खूप असली तरी सगळी वाचू नका. एकच चर्चा घ्या, पण पूर्ण घ्या. आम्ही मे १९४९ मधली घेतली. संसद सदस्याची पात्रता काय असावी, यावर सभा बोलत होती. राज्यसभेसाठी किमान वय ३५ असावं, असं समोर आलं होतं. जी. दुर्गाबाई उठल्या आणि ३५ च्या जागी ३० घाला, अशी दुरुस्ती मांडली. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: वय वाढलं म्हणजे शहाणपण येतंच असं नाही. आताची मुलं-मुली लवकर जाणती होतात, जबाबदारी ओळखतात, त्यांना देशाच्या कारभारात शिरू द्या. दुरुस्ती मान्य झाली. आजही संविधानाच्या ८४ व्या अनुच्छेदात राज्यसभेसाठी ३० हाच आकडा आहे.

ही चर्चा वहीत उतरवताना पानाचे दोन भाग करा. डावीकडे ‘आधी काय होतं’, उजवीकडे ‘नंतर काय झालं’. आमच्या पोरीनं डावीकडे मोठ्ठा ३५ काढला, उजवीकडे ३०, आणि मधल्या रेघेवर दुर्गाबाईंचं नाव लिहिलं. भाषणाचा कणा तिथंच तयार झाला. इंग्रजीची भीती वाटत असेल तर एका दिवशी एकच परिच्छेद घ्या, मोठ्यानं वाचा आणि मग पुस्तक मिटून आपल्या भाषेत सांगा. पोरीनं एकदा तेलुगूत सांगितलं, एकदा मराठीत. मराठीत अडखळली तिथं अर्थच नीट कळला नव्हता, हे तिचं तिलाच समजलं.

चरित्राकडे वळायचं ते यानंतर, आणि तेही निवडून. या बाईला हे बोलावंसं का वाटलं असेल, याचं उत्तर देणारे दोन-तीनच प्रसंग घ्या. दुर्गाबाईंचं पहिलं लग्न लहानपणीच लावलं होतं, कळत्या वयात त्यांनी ते नाकारलं. १९२३ मध्ये काकीनाड्याला काँग्रेसचं अधिवेशन होतं. १४ वर्षांच्या दुर्गाबाई तिथं स्वयंसेविका होत्या. प्रदर्शनाच्या दारावर त्यांनी जवाहरलाल नेहरूंना तिकीट नाही म्हणून अडवलं. १४ वर्षांची मुलगी नियम सांगते आणि एवढा मोठा माणूस थांबतो! मुलं-मुली जबाबदारी ओळखतात हे त्यांनी सभागृहात सांगितलं, तेव्हा मला तरी ते दार दिसतं. पुढं मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास झाला. आपल्यावर आरोप काय आहे हेच माहीत नसलेल्या बायका त्यांना तिथं भेटल्या. त्यानंतर वकिली शिकायची ओढ लागली, आणि १९४२ मध्ये मद्रासला कायद्याची पदवी घेतली. नियोजन आयोग, १९५३ मधलं केंद्रीय समाजकल्याण मंडळ, पद्मविभूषण हे सगळं एका वाक्यात आटपा.

वेळ उरला तर भाषेवरची चर्चा घ्या. सप्टेंबर १९४९ मध्ये सभा राजभाषेवर तापली होती. लहानपणी आपल्या गावात मुलींना हिंदी शिकवणाऱ्या दुर्गाबाई तिथं हिंदी आणि उर्दू दोन्ही सामावणाऱ्या हिंदुस्तानीच्या बाजूनं बोलल्या. दक्षिणेत ज्यांनी मनापासून हिंदी शिकवली, त्यांनाही आताच्या आग्रहानं दुखावलंय, ही खंत त्यांच्या बोलण्यात होती. घरी एक भाषा, बाहेर दुसरी असणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एक चूक माझ्या हातून झाली आहे, ती तुम्ही करू नका. पूर्वी एका मुलीला मोबाइलवर आलेलं एक छान वाक्य मी थोर स्त्रीचं म्हणून पाठ करायला दिलं होतं. परीक्षकांनी विचारलं, “हे त्या कोणत्या दिवशी बोलल्या?” पोर गप्प उभी राहिली. चूक माझी होती आणि मान तिची खाली गेली. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे. अवतरणचिन्हात घालायचं ते वाक्य कामकाजाच्या पानावर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि शेजारी तारीख लिहायची. पान सापडलं नाही तर वाक्य सोडायचं, कितीही गोड असलं तरी.

आजच्या खासदारांवर बोलायचं असेल, समजा आपल्याच सोलापूरच्या प्रणिती शिंदेंवर, तरी रीत हीच. लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावानं प्रश्न आणि भाषणं मिळतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, अतारांकिताला लेखी. एक प्रश्न निवडा आणि मंत्र्यांचं उत्तरही वाचा. नुसत्या प्रश्नावर भाषण उभं राहत नाही.

शेवटी तालीम. आरशासमोर करू नका. ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही अशा माणसासमोर करा. आमच्या पोरीनं आईसमोर केली. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, हात थांबत नव्हते. हावभावांकडे तिचं लक्षही नव्हतं. दुरुस्तीचा भाग आला तसे हात थांबले. तिनं विचारलं, “मग झालं का गं तीस?”

पोरगी उठली, माझ्याकडची संविधानाची प्रत आणली, ८४ वा अनुच्छेद काढला आणि आईच्या बोटानं तो आकडा दाखवला. आम्ही ते तसंच भाषणात घेतलं. आधी आईचा प्रश्न, मग अनुच्छेद.