कपॅसिटर हळूहळू कसा भरतो, घरीच बघा
चवथीच्या डेकोरेशनमधून उरलेली 9 व्होल्टची बॅटरी असेल तर तीच घ्या, 100 किलोओहमचा रेझिस्टर (करंट अडवणारा भाग) आणि 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडा, कपॅसिटरचा पट्टीवाला पाय मायनसलाच हां, उलटा लावलात तर फुगतो. आधी दोन्ही पाय रेझिस्टरने जोडून रिकामा करा. मग मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) कपॅसिटरवर लावून बॅटरी जोडा आणि मोबाईलचा स्टॉपवॉच चालू.

रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या व्हॅल्यूंचा गुणाकार हे भरण्याच्या वेळेचं माप, 100 किलो गुणिले 100 मायक्रो म्हणजे 10 सेकंद, तेवढ्यात साधारण 5.7 व्होल्ट म्हणजे बॅटरीच्या 63 टक्के, 20 ला 7.8, पण नंतर आकडा नुसता रेंगाळतो कारण कपॅसिटर भरेल तसा रेझिस्टरवरचा व्होल्टेज घटतो, करंटही घटतो. 50 सेकंदांनी जवळपास फुल्ल. थोडा फरक येणारच, स्वस्तातल्या कपॅसिटरची व्हॅल्यू 20 टक्के इकडेतिकडे असते, आणि आपल्याकडच्या पावसात ब्रेडबोर्डचे (सोल्डर न करता पार्ट जोडायच्या भोकांच्या पाटीचे) कॉन्टॅक्ट गंजतात ते आधी पुसा.