डोंगरातलं रानफूल घरी आल्यावर ओळखायचंय? मग एक फोटो पुरत नाही

वसंतातल्या डोंगरवाटेवर फुलांचे ढीगभर फोटो काढतो, पण घरी आल्यावर एकाचंही नाव लागत नाही. कारण फोटोत फक्त पाकळ्या असतात. एका झाडाचे चार फोटो घ्या:

१. फूल समोरून.
२. फूल मागून. पिवळ्या, सूर्यफुलासारख्या फुलांत तर हा हवाच. एकसारखी दिसणारी फुलं पाठीमागच्या हिरव्या छदांवरून (फुलाला खालून धरणाऱ्या छोट्या पानांवरून) वेगळी कळतात.
३. पानं खोडाला जिथे जुळतात तो भाग: समोरासमोर की एकाआड एक? इथेच खोड बोटांत हलकेच फिरवून बघा. चौकोनी लागलं आणि पानं समोरासमोर असली, तर बहुधा तुळस-पुदिन्याच्या कुळातलं.
४. पूर्ण झाड, आजूबाजूच्या जमिनीसकट. शेजारी बोट धरा, आकार कळतो.

फोटोचं लोकेशन चालू ठेवा. ठिकाण आणि उंची कळली की तिथलं मूळचं झाड कोणतं आणि बागेतून पसरलेलं कोणतं, हे ठरवणं सोपं जातं. पायथ्याशी फुलं गळून गेली असली तरी हिरमुसू नका. वर थंडी जास्त, तिथे तेच झाड अजून कळ्यांत सापडतं. मला ही भेट फार आवडते.

फूल तोडू नका. पांढरा चीक दिसला तर हात लावू नका, काही झाडांच्या चिकाने कातडी भाजते.